रंगवलेल्या तीन वेण्या आणि पाठीचा तिरका तुकडा: हातकताईचं एक प्रकरण

धुऊन टॉवेलवर पसरून ठेवलेला स्वेटरच्या पाठीचा तुकडा सकाळी पाहिला, तर तो आयत राहिलाच नव्हता. खालची कड जागेवर होती आणि वरची उजवीकडे सरकली होती. पत्त्यांचा कॅट हाताने जरा ढकलला की दिसतो, तसा. मी पट्टी लावली. २१ सेंटिमीटर उंचीत ३ सेंटिमीटरचा तिरकेपणा होता. आईने ६० ओळी विणल्या होत्या, धागा मी कातलेला.

"हे माझ्या हाताचं नाही गं," आई म्हणाली. तिने लगेच त्याच सुया घेतल्या, गिरणीच्या धाग्याचे ३० टाके घातले, बोटभर विणलं, ओलं केलं आणि वाळवलं. तो तुकडा अगदी सरळ आला. म्हणजे दोष धाग्यात होता आणि धागा माझा होता. पुढचे तीन आठवडे त्यात गेले. जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण या चुका कातताना दिसत नाहीत. त्या विणकामात दिसतात, आणि तिथेही धुतल्यावरच.

काय ठरलं होतं

बाबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर करायचा होता. छाती १०० सेंटिमीटर, व्ही गळा, अंगाला साधी सुलट वीण, खाली आणि गळ्या-मुंढ्यांना एक सुलट एक उलट बॉर्डर. पाठ आणि पुढचा भाग वेगवेगळे विणून शिवायचे. विणणार आई, कातणार मी.

लोकर ब्ल्यूफेस्ड लेस्टर जातीच्या मेंढीची होती. ही मेंढी मूळची उत्तर इंग्लंडातली. तिचा तंतू लांब असतो, साधारण ८ ते १५ सेंटिमीटर. जाडी २४ ते २८ मायक्रॉनच्या आसपास असते, त्यामुळे अंगाला फारसा टोचत नाही, आणि त्याला एक मंद चकाकी असते. विंचरून सगळे तंतू एका दिशेला लावलेला पट्टा, म्हणजे टॉप, हाताने रंगवून वेणीसारखा गुंफलेला होता. अशा तीन वेण्या होत्या, प्रत्येकी १०० ग्रॅमची. वेणी उलगडली की साडेचार मीटरचा पट्टा हातात यायचा. त्यावर निळा, हिरवा, केशरी असे २५-२५ सेंटिमीटरचे टप्पे होते, आणि हाच क्रम टोकापर्यंत सहा वेळा आला होता.

आईच्या हिशोबाला ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी हव्या होत्या. त्यासाठी १०० ग्रॅममधून सुमारे २२५ मीटर दुपदरी धागा निघायला हवा. पाठीला ११० टाके, म्हणजे ५० सेंटिमीटर. कागदावर सगळं जमत होतं.

पहिल्या वेणीचं काय झालं

पट्टा मधोमध तोडला आणि ५० ग्रॅमचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा एका बॉबिनवर, म्हणजे चरख्याच्या रिळावर, कातला. मग आठ दिवस चरख्याला हात लागला नाही. नवव्या दिवशी दुसरा तुकडा दुसऱ्या बॉबिनवर कातला आणि त्याच संध्याकाळी दोन्ही एकत्र करून पदर पिळले.

एकेरी धागा कातताना मी पायाची लय मोजते, ही सवय जुनी आहे. माझ्या चरख्याच्या लहान पुलीवर मोठं चाक एकदा फिरलं की फ्लायर, म्हणजे धाग्याला पीळ देणारा भाग, १२ वेळा फिरतो. पायाच्या दोन दाबांना, म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्यांना, साडेतीन इंच लोकर सोडली की २४ फेऱ्या साडेतीन इंचांत जातात, म्हणजे इंचाला जवळपास ७ पीळ. या तंतूला, या जाडीला तो पीळ ठीकच होता. पदर पिळताना मात्र मी मोजलं नाही. मोठी पुली लावली, तिच्यावर एका फेरीला फ्लायर ८ वेळा फिरतो, आणि नजरेने ठरवत गेले. फ्लायरजवळचा थोडा धागा मागे ओढायचा, सैल सोडायचा, आणि तो वळ्या न पडता नीट लोंबला की पीळ पुरे झाला असं समजायचं. लडी उतरवली तेव्हा ती खरोखरच सरळ लोंबत होती. मला फार आनंद झाला.

धुतल्यावर लडी स्वतःभोवती दोन-तीन वळसे घेऊन आकसली. इथे थांबायला हवं होतं. मी तिच्या खालच्या टोकाला पाण्याने भरलेली बाटली बांधली आणि ताणून वाळवली. वाळल्यावर ती पुन्हा सरळ दिसू लागली. १०० ग्रॅम, १९० मीटर. म्हणजे ठरवल्यापेक्षा जाड. "चालेल," असं मीच म्हटलं.

नमुनाही फार लहान घेतला होता. जेमतेम १६ टाके, त्यातल्या कडा गुंडाळलेल्या, आणि न धुता मोजलेला. त्यात २२ चं प्रमाण मिळतंय असं वाटलं. आईने त्यावर विश्वास ठेवून ११० टाके घातले. ६० ओळी झाल्यावर तिला रुंदी जास्त वाटली. मोजली तर ५५ सेंटिमीटर होती. धुऊन बघू, कदाचित बसेल, म्हणून तिने ते पाण्यात टाकलं. बाकीचं वर सांगितलंच आहे.

दोष कुठे होता

पहिला संशय स्वाभाविकपणे एकेरी धाग्यावर जातो. पीळ जास्त झाला म्हणून वीण तिरकी झाली, असं बहुतेक जण म्हणतील. मीही तेच म्हटलं. पण आधी टाक्यांच्या उभ्या रांगा कुठे झुकल्या आहेत ते पाहायला हवं.

मी कातताना चाक घड्याळाच्या दिशेने फिरवते. त्या पिळाला झेड पीळ म्हणतात, कारण धाग्यावरच्या तिरप्या रेषा त्या इंग्रजी अक्षराच्या मधल्या रेषेसारख्या, खालून डावीकडून वर उजवीकडे जातात. पदर उलट दिशेने पिळतात, तो एस पीळ. तयार धाग्यात झेड पिळाचा जोर शिल्लक राहिला तर सुलट विणीच्या उभ्या रांगा उजवीकडे झुकतात. एस शिल्लक राहिला तर डावीकडे. आमचा तुकडा उजवीकडे झुकलेला होता. म्हणजे एकेरी धाग्यातला पीळ जागा होता आणि पदरांचा पीळ त्याला पुरा पडत नव्हता. एकेरी धागा जास्त कातला गेला म्हणण्यापेक्षा जोडी कमी पिळली गेली, असं म्हणायला हवं. यात फरक मोठा आहे, कारण कमी पिळलेली जोडी दुरुस्त होते.

खात्री करायला तुकड्यातून दीडेक हात धागा उसवला, ओला केला आणि दोन्ही टोकं एकत्र धरून फास मोकळा सोडला. फास स्वतःभोवती वळला, तोही पदर ज्या दिशेने पिळले होते त्याच दिशेने. धागा जणू सांगत होता की मला याच दिशेने अजून फिरायचं आहे. मग १० इंचाचा तुकडा घेऊन दोन पदर समांतर होईपर्यंत उलटा फिरवला आणि फेऱ्या मोजल्या. ३२ आल्या. इंचाला ३.२.

एकेरी धाग्याच्या साधारण दोन-तृतीयांश पीळ जोडीत गेला की दुपदरी धागा समतोल होतो, हा कातणाऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे. पदर उलट दिशेने पिळताना प्रत्येक फेरीला एकेरी धाग्यातला थोडा पीळ सुटतो आणि जोडीत नवा भरतो. कुठेतरी या दोन ओढी सारख्या होतात आणि धागा शांत होतो. माझा एकेरी पीळ ७, म्हणजे जोडीत ४.५ च्या आसपास हवा होता. होता ३.२.

मग लडी उतरवली तेव्हा सरळ कशी लोंबली? हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. उत्तर त्या आठ दिवसांत होतं.

बॉबिनवर ताणून गुंडाळलेला एकेरी धागा काही तासांतच निवतो. पीळ जात नाही, फक्त झोपतो. ताजा कातलेला धागा सैल सोडला की झटकन स्वतःवर दुमडतो. तोच धागा आठवड्यानंतर सोडा, मरगळल्यासारखा पडून राहील. पण पाण्यात टाकला की पीळ पुन्हा जागा होतो. माझं एक बॉबिन आठ दिवस निवलेलं होतं आणि दुसरं त्याच दिवशीचं. पदर पिळताना जोडीचा पीळ ताजा आणि जागा होता, तर समोरचा अर्धा एकेरी पीळ झोपलेला. नजरेने पाहताना मी जागा पीळ आणि अर्धवट झोपलेला पीळ यांचा समतोल साधत होते. तो खोटा होता. पाण्यात गेल्यावर सगळा झेड पीळ उठला आणि एस पीळ अपुरा पडला.

लडी आकसली तेव्हा धागा खरं बोलला होता. मी बाटली बांधून त्याचं तोंड बंद केलं. ओल्या लोकरीला ताण देऊन वाळवलं की ती त्या आकारात तात्पुरती थिजते आणि पुन्हा पाणी लागताच पूर्वपदावर येते. विणकामाच्या लडीला वजन बांधून वाळवणं मी तेव्हापासून पूर्ण सोडलं. विणायच्या धाग्याने आपला खरा स्वभाव विणण्याआधीच दाखवावा, असं मला ठामपणे वाटतं. तो नंतर दाखवला तर आपल्याबरोबर विणणाऱ्याचेही कष्ट वाया जातात, आणि या प्रकरणात ते आईचे होते.

जाडीचं कारण त्यामानाने साधं निघालं. रंगाच्या गरम पाण्यात राहून पट्टा दाबला गेलेला असतो आणि तंतू एकमेकांना धरून बसतात. आमच्या वेणीत केशरी भाग सगळ्यात घट्ट होता. लोकर सहज सुटेना, म्हणून हात जोर लावत होता, आणि जोराने ओढलेली लोकर जाडच येते. याला उपाय आहे. पट्टा १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे तंतूच्या लांबीहून जास्त अंतरावर दोन्ही हातांत धरायचा आणि तंतू एकमेकांवरून जरा सरकेपर्यंत हलकेच ओढायचा. तुटेपर्यंत नाही. मग झटकायचा. पट्टा फुलतो. हात जवळ धरले तर एकाच तंतूची दोन टोकं आपण ओढत असतो आणि काहीच हलत नाही. जोर वाढवण्याआधी हे अंतर तपासावं.

रंग मळले कसे

तिरकेपणाच्या गडबडीत दुसरी तक्रार मागे पडली होती. खरं तर आईने ती आधीच बोलून दाखवली होती. लडी हातात घेतल्यावर ती म्हणाली होती, "जवळून किती छान दिसतंय. लांबून मात्र मळलेलं वाटतं."

ते खरं होतं. विणलेला तुकडा दाराला टाचून चार पावलं मागे गेलं की निळा, हिरवा, केशरी काहीच उरत नव्हतं. बराचसा भाग राखाडी-तपकिरी दिसे. निळा आणि केशरी हे रंगचक्रावर एकमेकांसमोरचे रंग. शेजारी मोठे पट्टे असतील तर ते एकमेकांना उठाव देतात. पण बारीक ठिपक्यांत मिसळले की लांबून डोळा त्यांची बेरीज करतो आणि ती बेरीज करडी येते. दुपदरी धाग्यात एक पदर निळा आणि दुसरा केशरी असेल, तर प्रत्येक टाक्यात असे ठिपके पडतात.

मला वाटलं, रंगांची निवडच चुकली. पण वेणीत तर ते सुंदर दिसत होते. मग कातताना काय झालं ते आठवून कागदावर मांडलं. पट्टा मध्ये तोडल्यावर पहिला तुकडा मी बाहेरच्या टोकाकडून सुरू केला: निळा, हिरवा, केशरी. दुसरा तुकडा तोडलेल्या जागेवरून घ्यायला हवा होता, पण आठ दिवसांनी तो उचलला तेव्हा हाताला आलेलं टोक वेणीचं शेवटचं होतं. तिथून क्रम येतो केशरी, हिरवा, निळा. दोन्ही बॉबिन एकत्र पिळताना निळ्यासमोर केशरी आला, हिरव्यासमोर हिरवा, केशरीसमोर निळा. दोन-तृतीयांश धाग्यात विरुद्ध रंगांची जोडी! रंगवणाऱ्याने केलेली सगळी मेहनत मी एका टोकाच्या चुकीने पुसली.

आता कातायला घेण्याआधीच, पट्टा तोडतानाच, प्रत्येक सुरुवातीच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची सैल गाठ मारते.

उरलेल्या दोन वेण्यांचं काय करायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. हा भाग मला सगळ्यात आवडतो. लोकर तीच, रंग तेच, आणि फक्त पट्टा कसा चिरला यावरून कापड पूर्ण वेगळं होतं.

एक वाट फ्रॅक्टल कताईची. पट्टा उभा चिरून दोन भाग करायचे. एक तसाच कातायचा, दुसरा पुन्हा उभा चार भागांत चिरून एकापाठोपाठ कातायचा. एका पदरात लांब रंग येतात, दुसऱ्यात आखूड, आणि विणीत रुंद पट्ट्यांच्या आत बारीक पट्टे दिसतात. बऱ्याच रंगसंगतींना हे फार शोभतं. आमच्या तीन रंगांसाठी नऊ चौकोन काढले: एका बाजूला लांब पदराचे तीन रंग, दुसऱ्या बाजूला आखूड पदराचे तीन. तीन चौकोनांत एकच रंग दोन्हीकडे, चारांत शेजारचे रंग, आणि दोनांत निळा-केशरी. नऊत दोन म्हणजे पहिल्या वेणीपेक्षा कितीतरी कमी. तरी आई त्या दोन चौकोनांवर बोट ठेवून म्हणाली, "एवढंही नको." तिच्या डोळ्यांपुढे तो मळका तुकडा होता.

दुसरी वाट साखळी-प्लायची. एकाच एकेरी धाग्याचे मोठे फास एकातून एक काढत जायचं आणि तिपदरी पिळायचं. तिन्ही पदर एकाच जागचे, त्यामुळे रंग अजिबात मिसळत नाहीत. धागा गोल आणि भरीव येतो. पण त्याच जाडीचा तिपदरी धागा हवा तर एकेरी धागा दीडपट बारीक कातावा लागतो आणि काम तितकंच वाढतं. शिवाय एकेरी धाग्यातला जाड-बारीकपणा एकमेकांत झाकला जात नाही, तिथल्या तिथे तिप्पट होतो.

तिसरी वाट सगळ्यात सरळ आहे. पट्टा उभा चिरून दोन सारखे भाग करायचे, दोन्ही एकाच टोकाकडून कातायचे आणि रंगाला रंग जुळवत पिळायचे.

दुसऱ्या वेणीतून ८ ग्रॅम लोकर काढून साखळी आणि जुळवलेला दुपदरी असे दोन नमुने केले. या वेळी सगळं शेवटपर्यंत केलं. कातलं, निवू दिलं, पिळलं, धुतलं, वजनाशिवाय वाळवलं, २४ टाक्यांवर विणलं आणि विणलेलं पुन्हा धुतलं. दोन्ही तुकडे दाराला टाचले. साखळीचे पट्टे चाकूने कापल्यासारखे होते. दुपदरीत एक रंग संपून दुसरा सुरू होताना थोडा भाग दुरंगी येत होता, निळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून केशरीत जाताना. फक्त केशरीतून पुन्हा निळ्यात जाताना क्षणभर करडी रेघ दिसे. आईने बराच वेळ पाहिलं आणि दुपदरीवर हात ठेवला. "हे अंगावर पडेल. ते उभं राहील." मलाही तेच वाटत होतं. तिपदरी धाग्याचं कापड सुरेख होतं, पण बाबांच्या खांद्यांवर ते जड वाटलं असतं.

दुसरी आणि तिसरी वेणी

दोन्ही पट्टे आधी हाताने फुलवून घेतले, मग उभे चिरले. चिरलेले भाग काट्यावर ठेवले तर एका वेणीत ४७ आणि ४५ ग्रॅम निघाले. जड भागाची एक बारीक पट्टी सोडवून हलक्याला जोडली. हे टाळलं तर एका पदराचा निळा दुसऱ्याच्या आधी संपतो आणि ती तफावत प्रत्येक आवर्तनात वाढत जाते.

एका जाड कागदावर ताज्या एकेरी धाग्याचे दोन तुकडे गुंडाळून ठेवले. एक तसाच, एक स्वतःवर दुमडून पिळू दिलेला. दर थोड्या वेळाने नुकता कातलेला धागा त्याच्याशेजारी धरून पाहायचा. तुलना ताज्याशी ताज्याचीच करायची. बॉबिनवरून कालचा धागा काढून दुमडला तर तो कमी पिळाचा वाटतो आणि आपण विनाकारण पीळ वाढवतो.

दोन्ही बॉबिन एक रात्र तशीच ठेवली, म्हणजे दोन्हींची झोप जवळजवळ सारखी झाली. मग पदर, आणि या वेळी मोजून. इथे एक फार सोयीची गोष्ट लक्षात आली. कातायची पुली १२ ची, पदरांची ८ ची, आणि आठाला बाराने भागलं की दोन-तृतीयांशच येतात. म्हणजे हाताची आणि पायाची लय तीच ठेवायची, दोन दाबांना साडेतीन इंच, आणि फक्त पुली बदलायची. १६ फेऱ्या साडेतीन इंचांत, इंचाला साडेचार पीळ. पीळ किती झाला हे डोळ्यांना विचारावं लागत नाही. ज्यांच्या चरख्यावर अशी जोडी बसते त्यांनी ती जरूर वापरून पाहावी.

पिळताना एका पदराचा रंग पुढे धावला की तिथे थांबून तो पदर तोडला, जास्तीचे एक-दोन मीटर काढले, दोन्ही टोकं उकलून विसविशीत केली, बोटभर एकमेकांवर ठेवली, ओल्या तळव्यांत चोळली आणि पुढे गेले. या लोकरीवर यंत्रात धुण्याजोगी करणारी प्रक्रिया झालेली नव्हती, त्यामुळे टोकं एकमेकांत छान बसतात. दोन्ही वेण्या मिळून ६ ग्रॅम लोकर अशी वाया गेली.

लडी उतरवली तेव्हा मन धास्तावलं. ती सरळ लोंबत नव्हती. चांगले दोन वळसे घेतले तिने, पदर पिळल्याच्या उलट दिशेने. जुन्या सवयीने मी तिला जास्त पिळलेली समजून पुन्हा उलटी फिरवली असती. पण आता हिशोब हाताशी होता. जोडीचा पीळ जागा, एकेरीचा झोपलेला, म्हणजे असंच दिसायला हवं. ४० अंशांच्या कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून वीस मिनिटं ठेवली. न चोळता, न पिळता. पाण्यात निळा उतरला, तो दुसऱ्या पाण्यात फिका झाला आणि तिसऱ्यात नाहीसा, म्हणजे वरवरचाच रंग होता. सगळी पाणी एकाच उबेची ठेवली, कारण गरम-थंड झटका आणि घासणी यांनी लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. टॉवेलात दाबून ओलावा काढला, दोन हातांवर लडी झटकली आणि दांडीवर मोकळी सोडली.

वळसे सुटत गेले. वाळली तेव्हा लडी उघड्या गोलासारखी शांत लोंबत होती, बाटली-वजनाशिवाय. त्या संध्याकाळी मी तिला तीन-चार वेळा हात लावून आले.

दुसऱ्या वेणीचा धागा १९८ मीटर आला, तिसरीचा २१७. दोन्हींत १०० ग्रॅमला २२२-२२४ मीटरचं माप पडलं. हाताने रंगवलेल्या दोन वेण्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात, तिसरीतला हिरवा जरा गडद होता. म्हणून एका वेणीतून पाठ आणि दुसरीतून पुढचा भाग, मधे शिवण. व्ही गळ्यामुळे पुढच्या भागाला धागा कमी लागतो, तिथे १९८ मीटरची लडी दिली.

पहिल्या धाग्याची दुरुस्ती

तो १९० मीटर धागा टाकून द्यायला मन होत नव्हतं. आईने विणलेला तुकडा उसवला. लडी करून धुतली, म्हणजे टाक्यांची मुरड गेली आणि सगळा पीळ जागा झाला. वाळल्यावर ८ च्या पुलीवर, पदर पिळल्याच्याच दिशेने, पूर्ण धागा पुन्हा चालवला. तूट इंचाला १.३ ची होती, म्हणून एका दाबाला सहा इंच धागा सोडत गेले. आधी टकळीवर तीन मीटरचा प्रयोग केला होता. ओला फास उघडा राहिला, तेव्हाच चरख्यावर घेतला.

पुन्हा धुतल्यावर लडी शांत झाली. पीळ वाढल्याने लांबी थोडी आटली आणि १८४ मीटर राहिली. २४ टाक्यांचा नमुना धुऊन सरळ आला. रंग अर्थातच करडेच होते, ते दुरुस्त होण्यासारखे नव्हते. पण बॉर्डरमध्ये ते बसले. उलट-सुलट टाक्यांच्या खाचांत तो करडेपणा मुरतो, आणि निळ्या-हिरव्या-केशरी पट्ट्यांना खालून एक शांत चौकट मिळते. धागा जाड होता, म्हणून आईने साडेतीन मिलिमीटरच्या सुया घेतल्या आणि टाके दहा टक्क्यांनी कमी केले. सगळ्या बॉर्डर मिळून सुमारे १२० मीटर लागला.

अंगाच्या भागात प्रत्येक रंगाचा पट्टा सात-आठ ओळींचा आला, अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पाठीतून ९ मीटर उरला, पुढच्या भागातून ८. शिवण्याआधी आईने दोन्ही भाग धुतले, न टाचता वाळवले आणि मला हाक मारली. पट्टी तिने स्वतःच धरली होती. ५० सेंटिमीटर रुंदी, दोन्ही कडा सरळ. डाव्या खांद्याजवळ एके ठिकाणी मी रंग जुळवायला विसरले होते, तिथे दोन ओळी निळ्या-केशरी आल्या आहेत. ते उसवायचं का, असं मी विचारलं. "राहू दे," आई म्हणाली, आणि शिवणीची सुई ओवायला घेतली.